तट समुद्रात, गाव किनाऱ्यावर

चाकरमानी: अण्णा, सिसिलीहून आल्यापासून एक विचार डोक्यातून जात नाही. भूमध्य समुद्रातलं ते सर्वांत मोठं बेट, आणि त्याच्या किनाऱ्यावर सिराकुझा, चेफालू, त्रापानी अशी एकाहून एक जुनी बंदरं. सिराकुझाचा मूळ गाभा म्हणजे ऑर्तिजिया, पुलानं जोडलेलं चिमुकलं बेट. तिथल्या कॅथीड्रलचा दर्शनी भाग अठराव्या शतकातला आहे. आत शिरलं की बाजूच्या भिंतीत भलेमोठे दगडी खांब रुतलेले दिसतात. ते ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातल्या अथीनाच्या देवळाचे. देऊळ पाडून टाकलं नाही, खांबांमधली जागा चिणून त्याचंच चर्च केलं. जगभरातून लोक ते बघायला येतात, गल्ल्यांतून हिंडतात, बंदरावर मासे खातात आणि चार दिवस राहून जातात. माझं म्हणणं एवढंच की विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला, शिरोडा ही आपली ओळ त्याच तोलाची आहे. ऐतिहासिक सागरी शहरं म्हणून कुणीही वाट वाकडी करून बघायला यावं अशी. आपणच त्यांना सुरमईचं ताट आणि पाण्यातली डुबकी एवढ्यावर आणून ठेवलंय.

गावकरी: ताट आणि डुबकी यांना नावं ठेवू नको, त्यावर इथे चुली पेटतात. पण 'शहरं' म्हणालास, तिथे मी अडतो. तुझ्या सिराकुझात दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचा खांब हाताला लागतो, कारण तो दगडाचा आहे आणि तिथे आमच्यासारखा चार महिने पाऊस कोसळत नाही. आमचं गाव जांभ्याच्या चिऱ्याचं, चुन्याचं, फणसाच्या लाकडाचं आणि कौलाचं. दरवर्षी मे महिन्यात कौलं उतरवून घर शाकारलं नाही, तर दोन पावसांत वासे कुजतात आणि पाचव्या पावसात भिंतीवर पिंपळ उगवतो. मालवणच्या मेढ्यात किंवा धुरीवाड्यात दोनशे वर्षांपूर्वीचं घर जसंच्या तसं दाखव मला. नाही दाखवता येणार. आणि दुसरी गोष्ट त्याहून मोठी. ऑर्तिजियात गाव तटाच्या आत आहे. मालवणात तट समुद्रात आणि गाव बाहेर. शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ला बांधला, पेठ किनाऱ्यावर राहिली. त्यामुळे पाहुणा जेटीवर येतो, होडीत बसतो, किल्ला बघतो, परत येतो, जेवतो आणि तारकर्लीला निघून जातो. गाव त्याच्या वाटेत येतच नाही.

चाकरमानी: गाव वाटेत येत नाही हा वाटेचा दोष झाला, गावाचा नव्हे. आधी किल्ल्याचंच बोलू, कारण तो आपण बघून बघून बघेनासे झालोय. २५ नोव्हेंबर १६६४ ला मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा करून काम सुरू झालं. १६६७ मध्ये तट उभा होता. हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली, भर समुद्रात, तीन वर्षांच्या आसपास! साधारण अठ्ठेचाळीस एकरांचं बेट, तीनेक किलोमीटर लांबीचा नागमोडी तट, बेचाळीस बुरूज. पायात शिसं ओतलं असं सांगतात. होडी अगदी जवळ गेली तरी दरवाजा दिसत नाही, दोन बुरजांच्या कुशीत तो लपवलाय. आत आल्यावर चुन्यात उमटलेला महाराजांचा हाताचा आणि पायाचा ठसा, राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर. आणि दूधबाव, साखरबाव, दहीबाव. चारही बाजूंनी खारं पाणी असताना मधे गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. सिराकुझात समुद्राच्या अगदी काठाला अरेथुसा नावाचा झरा आहे. त्याच्यावर ग्रीकांनी अप्सरेची गोष्ट रचली, नाण्यांवर तिचा मुखवटा कोरला. आज तिथे कठड्याला टेकून गर्दी उभी असते. आपल्या दहीबावेपाशी माणूस मिनिटभर थांबतो का?

गावकरी: थांबतो. "पाणी गोड आहे का हो?" विचारतो, घोटभर पितो आणि पुढे जातो. किल्ल्यावर अजून काही कुटुंबं नांदतात, त्या बाया पाणी भरत असतात. त्यांच्याकडे तो बघतो की नाही, ते मला ठाऊक नाही. पण किल्ल्याच्या थोरवीवर आपला वाद नाहीच. तू शहराबद्दल बोलत होतास आणि उत्तर किल्ल्याचं दिलंस. सगळ्यांचं असंच होतं. विजयदुर्गाचंही तेच: तिहेरी तट, पाठीशी वाघोटण खाडी, आंग्र्यांचं आरमार, १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्हनं लावलेली आग. बोलावं तेवढं थोडं. आणि गाव? एसटीचा थांबा, चार दुकानं, बंदरावर होड्या. वेंगुर्ल्याला डच वखार आहे. सतराव्या शतकात डचांनी गोव्याच्या पोर्तुगिजांची नाकेबंदी केली तेव्हा त्यांच्या जहाजांना रसद पुरवणारं ठाणं ते. हिंदी महासागराच्या राजकारणातली जागा ती! आज छप्पर नाही, भिंतींतून झाडं आलीत. पाहुण्याला तिकडे नेणार असशील तर कोयता घेऊन जा.

चाकरमानी: कोयता घेऊनच जाईन. पण मला सांगा, गाव बघायचं म्हणजे काय फक्त जुनी भिंत बघायची? मालवणची ओळख समुद्रावर ठरली. अठराव्या शतकात इंग्रजांच्या कागदांत इथल्या दर्यावर्दींना सरळ 'मालवण' म्हणायचे, इतका धसका होता. १७६५ मध्ये त्यांनी किल्ला घेतला, त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव दिलं आणि लगेच पुढच्या वर्षी पैसे घेऊन करवीरकरांना परत केला. ते नाव आज कुणाला आठवतही नाही, यातच या गावाचा हेका दिसतो. नंतरचा काळ घ्या. मुंबई-गोवा बोट विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत जायची. मालवणला ती धक्क्याला लागत नसे, खोल पाण्यात उभी राहायची. मग पडाव जायचे. माझी आजी सांगायची, ट्रंक आधी खाली सोडायची, मग कडेवरचं पोर कुणाच्या तरी हातात द्यायचं, आणि पडाव लाटेनं वर आला की त्या क्षणाला पाय टाकायचा. एक लाट चुकली तर पुढच्या लाटेची वाट बघायची. त्या माणसाला मालवण कसं दिसायचं? समोर माडांची रांग, त्याखाली कौलं, डावी-उजवीकडे राजकोट, पद्मगड, मागे सिंधुदुर्ग. गावाचं तोंड समुद्राकडे होतं. मग बोट बंद पडली. रस्ता झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, आणि ती आली कुडाळला, पंचवीस-तीस किलोमीटर आत. आता पाहुणा गावात परसदारानं येतो. गाव दिसत नाही ते त्यामुळे.

गावकरी: हे मात्र पटलं. किल्ल्यावरून परतताना होडीतली सगळी मंडळी मोबाइलवर फोटो बघत बसलेली असतात, आणि खरं बघण्यासारखं समोर असतं. पण मला तुझ्या उत्साहाची भीती दुसऱ्याच कारणासाठी वाटते. इतिहास पाहुण्यांपुढे मांडायचा ठरला की त्याला पॉलिश चढतं. विजयदुर्गाचंच बघ. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात लॉकियर साहेबानं किल्ल्यावरून दुर्बीण लावली आणि हेलियम शोधला, असं छातीठोक सांगतात. 'साहेबाचे ओटे' दाखवतात. आता त्या ग्रहणात हेलियमची ती पिवळी रेषा टिपणारा जान्सन हा फ्रेंच माणूस गुंटूरला होता, आणि लॉकियरनं ती पुढे ऑक्टोबरमध्ये इंग्लंडात बसून पाहिली. ग्रहणाचा पट्टा या किनाऱ्यावरून गेला, एवढं खरं. मग ओट्यांवर कुणी बसलं असेलही. पण 'हेलियमची जन्मभूमी' म्हटलं की चार माणसं जास्त येतात ना!

चाकरमानी: तुम्ही म्हणता ते खरं असलं तरी त्यातून शाळेतली पोरं दरवर्षी त्या तारखेला किल्ल्यावर जमतात आणि वर्णपट म्हणजे काय ते विचारतात. गोष्ट दुरुस्त करून सांगता येते. सिराकुझातही आर्किमिडीजचं थडगं म्हणून कुणालाही एक रोमन कबर दाखवतात, आणि ती त्याची नाही हे पाटीवर नसलं तरी पुस्तकात असतं. दंतकथेनं माणूस आला आणि सत्य ऐकून गेला, तर बिघडलं कुठे?

गावकरी: सत्य सांगणारा माणूस तिथे पगारावर असेल तर बिघडलं नाही. असू दे. तू मघाशी त्रापानी म्हणालास. तिथे काय बघितलंस?

चाकरमानी: मिठागरं. पवनचक्क्या, मिठाचे पांढरे ढीग, वर कौलं घातलेली. संरक्षित क्षेत्र आहे ते, जुन्या चक्कीत मिठाचं संग्रहालय आहे. तिथे उभा असताना शिरोडा आठवलं. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहाला आपल्या शिरोड्याच्या मिठागरांवर माणसं उतरली होती. वि. स. खांडेकर त्या वेळी तिथल्या शाळेत शिकवत होते. १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षं ते शिरोड्यात होते. पलीकडे आरवली, जयवंत दळवींचं गाव. वेंगुर्ल्यात पाडगावकर जन्मले. एवढ्याशा पट्ट्यात मराठी वाङ्मयाचा केवढा तरी ऐवज आहे! सिसिलीत पोर्तो एम्पेदोक्ले नावाचं बंदर आहे. कामिलेरी या तिथल्या लेखकानं आपल्या कादंबऱ्यांत त्याला 'विगाता' म्हटलं, तर गावानं ते नाव काही काळ अधिकृतपणे आपल्या नावाला जोडलं. लोक पुस्तकं हातात घेऊन येतात. आणि त्रापानीहून जवळच फाविन्याना बेट आहे. ट्यूना मासा डब्यात भरायचा एकोणिसाव्या शतकातला मोठा कारखाना आहे तिथे. आता संग्रहालय. काय सुरेख ठेवलाय!

गावकरी: आणि ट्यूना?

चाकरमानी: तो आता तसा पकडत नाहीत. जाळ्यांची ती जुनी पद्धत बंद पडली.

गावकरी: तेच विचारायचं होतं. मासा गेला, पकडणारे गेले, कारखाना चकाचक राहिला. आता रापणीचं ऐक. तू लहानपणी ओढली असशील. होडी जाळं घेऊन आत जाते, अर्धं रिंगण टाकून परत येते. दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर. मग दोन रांगा लागतात, टाचा वाळूत रोवून मागे मागे सरकायचं. मागच्यानं दोरी सोडून पुढे पाण्याकडे यायचं आणि पुन्हा धरायची. दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकतात. जाळं जवळ आलं की पाणी फुटायला लागतं, बांगडा, पेडवे उसळतात. मग वाटे. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, माणसांचे वाटे, आणि ज्यानं दोरीला हात लावला त्या वाटसरूच्याही पिशवीत चार मासे पडायचे. शिवकाळापासूनचं काही जिवंत बघायचं असेल तर किनाऱ्यावरची ही माणसं आणि त्यांचं हे दर्यावर्दीपण. ती रापण आता किती ठिकाणी लागते? समुद्रात पर्ससीन जाळीवाले आले, घोळकेच्या घोळके उचलून गेले. २०१६ मध्ये राज्यानं त्यांच्यावर निर्बंध घातले, २०१७ मध्ये केंद्रानं एलईडी दिव्यांची मासेमारी बंद केली, आणि भांडण अजून चालूच आहे. आणि वाळूवर कोण आलं? तुझे पाहुणे. रापण ओढायला मोकळी पुळण लागते. तिथे आता खुर्च्या, छत्र्या आणि पॅरासेलिंगच्या बोटी.

चाकरमानी: पण त्या बोटी कोण चालवतं अण्णा? रापणकरांचीच पोरं. माशावर पोट भरेना म्हणून त्यांनी स्कूबा शिकून घेतलं. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे. मुंबईला खोलीवर सहा जणांत झोपण्यापेक्षा ते बरं नाही का? पर्यटन नसतं तर तीही माझ्यासारखी चाकरमानी झाली असती.

गावकरी: झाली असती. माझ्या पुतण्याचं घर त्याच धंद्यावर उभं आहे, तेव्हा ते मी नाकारत नाही. गंमत बघ, १९८७ मध्ये इथे सागरी अभयारण्य जाहीर झालं, एकोणतीस चौरस किलोमीटरच्या आसपास. मच्छीमारांनी विरोध केला, आमच्या पाण्यात आम्हालाच बंदी कशी म्हणून. आज त्याच पाण्यातलं पोवळं दाखवून त्यांची मुलं पैसे मिळवतात. आणि रोज हजार पायांनी तुडवलं तर ते पोवळंही उरणार नाही. म्हणजे पाहुणा आला तरी पंचाईत, न आला तरी पंचाईत. तू यातून काय काढतोस?

चाकरमानी: मी असं काढतो की पाहुणा पाण्याकडून गावाकडे वळवायचा. सगळा भार किल्ला, त्सुनामी आयलंड आणि तारकर्लीवर पडतोय. तो बाजारपेठेत फिरला, भरडावरून मेढ्यात चालत गेला, खळ्यात बसून खाजं खाल्लं, संध्याकाळी माशांचा लिलाव बघितला, नारळी पौर्णिमेला बायकांची नारळ लढवण्याची चुरस बघितली, जुन्या घराच्या माडीवर राहिला, तर पोवळ्यावरचा भारही कमी होईल आणि घरंही वाचतील. घराला उत्पन्न मिळालं की कौलं शाकारली जातात.

गावकरी: छान. आणि नवं काही बांधू नका म्हणून सांगणार का? राजकोटावर २०२३ च्या डिसेंबरात महाराजांचा पुतळा उभा राहिला, पुढच्या ऑगस्टात कोसळला, २०२५ मध्ये त्याहून उंच दुसरा आला. समोर साडेतीनशे वर्षांचा तट लाटा खात उभा. पाहुण्यांसाठी करायचं म्हटलं की आपल्याला आधी उंची सुचते, शाकारणी सुचत नाही. पण ते राहू दे. तुझी योजना अडते ती दुसरीकडेच. मेढ्यातल्या तुमच्या घराला कुलूप आहे. किती वर्षं?

चाकरमानी: ते सामायिक आहे. सातबारावर बरीच नावं आहेत. एक काका बडोद्याला, आत्याची मुलं ठाण्याला. कौलाला पैसे काढायचे तर आधी हिस्से ठरले पाहिजेत, आणि हिस्से काढायला बसलं की भांडण होतं. म्हणून कुणी विषय काढत नाही.

गावकरी: म्हणून विचारलं. या किनाऱ्यावरची जुनी घरं समुद्रानं खाल्ली नाहीत, इंग्रजांनी जाळली नाहीत. ती सातबाऱ्यावर पडली. प्रेम सगळ्यांना आहे, सही कुणालाच करायची नाही. पुरातत्त्व खातं किल्ला सांभाळेल, तुमचं माजघर कोण सांभाळणार? सिसिलीत हे कसं सोडवलं, ते बघून आलास का?

चाकरमानी: सोडवलं नाही. तिथूनही माणसं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लोंढ्यांनी अमेरिकेला गेली. डोंगरावरची गावं इतकी ओस पडली की सांबुका, गांजी, मुस्सोमेली अशा गावांनी पडकी घरं एक-एक युरोला विकायला काढली. अट एकच, घेणाऱ्यानं दुरुस्त करायचं. परदेशी लोकांनी घेतली. घरं उभी राहिली.

गावकरी: आणि वर्षातून दोन महिने उघडतात, असंच ना? भिंत वाचली, शेजार गेला. तसं मालवण तुला चालेल? एका बाजूला पडलेलं आपलं घर, दुसऱ्या बाजूला नीट शाकारलेलं परक्याचं. मला दोन्ही नको आहेत, आणि तिसरं काय ते मला अजून सुचलेलं नाही.

चाकरमानी: मला पडलेल्यापेक्षा परक्याचं चालेल. निदान कौल तरी राहील, आणि कौल राहिलं तर कधीतरी कुणी परत येईल. तुम्हाला तसं वाटत नाही, हे दिसतंय. पण ११ जुलै २०२५ ला युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. सिंधुदुर्ग त्यात आहे, विजयदुर्ग आहे. आता माणसं येणारच, आपण बोलावलं नाही तरी येणार.

गावकरी: येणार. आणि त्या यादीत किल्ल्यांची नावं आहेत, समोरच्या पेठेतलं एकही घर नाही. म्हणजे तट बघायला येणारा माणूस गावात शिरेल की नाही, हे आपल्यावर आहे. जगाला बोलावण्याआधी तुमच्या काकांना आणि आत्याच्या मुलांना बोलाव.

चाकरमानी: चतुर्थीला सगळेच येतात. या वर्षी विषय काढतो.

गावकरी: काढ. ठाण्याची मंडळी किल्ल्यावर जाऊ म्हणतील, त्यांना आधीच सांगून ठेव. किल्ल्याच्या होड्या मेअखेरीला बंद होतात आणि सप्टेंबर लागल्यावर, समुद्र निवळेल तशा, पुन्हा सुरू होतात. मधल्या दिवसांत आलेल्याला गावच बघावं लागतं.